पाच खोल्या मागितल्या होत्या, तीन झाल्या: दाजीपूरच्या कडेच्या एका घराची गोष्ट

मित्राचा फोन आला तेव्हा मी रंकाळ्यावर भेळ खात उभा होतो. म्हणाला, आजोळचं घर पडाय लागलंय, मामा-मामी दोघंच राहतात, तिथं काहीतरी करूया, पाच कॉटेज, पुढं एक छोटा स्विमिंग पूल, तू फक्त ड्रॉइंग काढ. पाठोपाठ व्हॉट्सअपवर वीस-पंचवीस फोटो आले, सगळे कुठल्यातरी बेटावरचे, काचेच्या भिंती आणि त्यातनं दिसणारं जंगल. मी म्हटलं आधी जागा बघू मग काय ते बोलू. त्या बघण्याला पुढं जवळजवळ वर्ष गेलं, आणि कागदावर जे सुरू झालं होतं त्यातलं फारसं काही शेवटी उरलं नाही. ते का उरलं नाही हेच लिहितोय, कारण हल्ली दर महिन्याला कोणीतरी तसलेच फोटो पाठवतं.

वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. कोल्हापुरातनं राधानगरीला जायचं, धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेकडेनं फोंडा घाटाच्या दिशेला सरकायचं आणि दाजीपूरच्या अलीकडं डांबरी सोडून आत वळायचं. कोल्हापूरपासून साधारण ऐंशी किलोमीटर. शेवटचे दोन किलोमीटर पावसाळ्यात जीपसुद्धा विचार करून घालावी लागते. राधानगरी अभयारण्य आपल्या राज्यातलं पहिलं, १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालं, १९८५ मध्ये वाढवून ३५१ चौरस किलोमीटर केलं. त्याआधी छत्रपतींचं शिकारीचं रान होतं हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. २०१२ ला पश्चिम घाटातल्या ज्या जागांना युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यात हेही आहे.

आपलं घर अभयारण्याच्या आत नाही, कडेला आहे, मालकीच्या जागेत. पण कडेला म्हणजे मोकळं रान नव्हे, इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे अभयारण्याभोवतीचा बंधनांचा पट्टा, लागतो. अशा झोनमध्ये साधारण नियम असा की अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत, किंवा झोन त्याआधीच संपत असेल तर तिथपर्यंत, नवीन हॉटेल-रिसॉर्ट बांधता येत नाही, छोट्या तात्पुरत्या इको-टुरिझमच्या बांधकामाला तेवढी सवलत. पाच कॉटेजचा विषय इथंच मिटला. मित्र दोन दिवस गप्प होता. मग म्हणाला ठीक आहे, जुन्या घरातच पाच खोल्या काढ. म्हणजे दहा माणसं.

आता इथून खरी गोष्ट सुरू होते, आणि ती पाण्याची आहे.

दाजीपूरला पाऊस किती, तर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास. आमच्या शहरात चार दिवस झड लागली तर पंचगंगेकडं बघून लोक रात्र काढतात, हितं चार महिने तसंच असतं. त्यामुळं मित्राचं म्हणणं होतं पाण्याचं टेन्शनच नाही. मी पण पहिल्यांदा असंच धरून चाललो होतो, खोटं कशाला बोलू. गोम अशी की अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. माणसं येतात दिवाळीनंतर, आणि खरी गर्दी मार्च ते मे, शाळांना सुट्टी आणि पाणवठ्यावर गवे दिसतात म्हणून. म्हणजे पाणी असतं तेव्हा पाहुणा नाही, पाहुणा असतो तेव्हा पाणी नाही. जांभ्याचा सडा, म्हणजे भोकाभोकाच्या तांबड्या दगडाचं पठार, पाणी धरत नाही, चाळणीसारखं खाली सोडतो, ते कुठंतरी झऱ्याला निघतं आणि होळीपर्यंत तो झराही बारीक होतो.

वाडीला एकच झरा. मी बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन बसलो. नोव्हेंबरात वीस लिटरची बादली पाऊण मिनिटात भरली. मित्र खूश, म्हणाला पाइप टाकूया. मामी शेजारी कपडे धूत होत्या, त्या न बघताच म्हणाल्या, "एप्रिलात या सर, मग टाका पाइप." गेलो एप्रिलात. तीच बादली भरायला सहा मिनिटं. म्हणजे मिनिटाला सव्वातीन लिटरच्या थोडं वर, दिवसभराचं चार हजार आठशे. ऐकायला बरं वाटतं, पण त्याच्यावर अख्खी वाडी, वाडीची जनावरं, आणि रात्री खाली ओघळात जे साठतं त्यावर गवा, भेकर, डुक्कर सगळे. त्यातनं आपण दीड हजार लिटर शॉवरला ओढायचं आणि बाहेर बोर्ड लावायचा निसर्गाच्या सान्निध्यात. मामी परत म्हणाल्या, "तुमचं पाहुणं आंघोळ करणार आनि आमी काय बघत बसायचं व्हय?" त्या दिवशी ठरलं, झऱ्याला हात लावायचा नाही. पाहुण्याचं पाणी पाहुण्याच्या डोक्यावरच्या कौलावरनं आलं पाहिजे. बोअर मारू म्हणणारेही भेटले, पण बोअरचं पाणी पण त्याच झऱ्याच्या पोटातलं, वरनं चोरायचं नाही तर खालनं चोरायचं एवढाच फरक.

मग हिशोब. घराचं छप्पर साधारण १२० चौरस मीटर. चार मीटर पाऊस गुणिले १२०, त्यातलं ऐंशी टक्के हाताला लागतं धरलं तर ३ लाख ८४ हजार लिटर. मिळकत भरपूर, प्रश्न साठवायचा. आमची अडचण फेब्रुवारी ते मे मध्य, म्हणजे १०५ दिवस. दहा माणसं, शॉवर, फ्लश, रोज चादरी बदल असं हॉटेलच्या पद्धतीनं धरलं तर दिवसाला चौदाशे लिटर, आणि टाकी लागते दीड लाखाची. आठ बाय आठ मीटरचा सव्वादोन मीटर खोल खड्डा, तोही जांभ्यात, आणि तिथंपर्यंत पोकलेन न्यायचा म्हणजे आधी रस्ता रुंद करा, झाडं पाडा. उलट सहा माणसं, बादलीनं आंघोळ, माणशी साठ लिटर, स्वयंपाकाचं धरून दिवसाला साडेचारशे-पाचशे, आणि रोज घर भरत नाही म्हणून साठ टक्के धरलं तर ३० हजारांच्या आसपास. थोडं जास्तीचं धरून चाळीस हजार लिटरची फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली टाकी, जी वाडीतलीच चार पोरं आणि एक गवंडी मिळून करू शकतात. अशा तऱ्हेनं पाचाच्या तीन खोल्या झाल्या. बाजारात मागणी किती, कर्ज किती फिटेल, हे सगळं नंतर. एप्रिलचं पाणी किती खाटा सोसेल ते आधी.

मित्राला हे पटायला वेळ लागला, आणि त्याचं चुकत नव्हतं, दोन खोल्या कमी म्हणजे दोन खोल्यांचं उत्पन्न कमी. शेवटी मी त्याला राधानगरी धरणाच्या भिंतीवर उभं केलं आणि म्हटलं, शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम काढलं आणि ते पुरं व्हायला पन्नासचं दशक उजाडलं, एवढा आटापिटा कशासाठी, तर चार महिन्यांचं पाणी आठ महिने पुरवायला. आपण तेच करतोय, फक्त घरामागच्या परड्यात.

टाकी जुलैत भरायची नाही हे एक शिकलो. जुलैत शंभर मिलिमीटरचे चार-पाच दिवस आले की चाळीस हजार भरून वाहतं, पण त्यात छपरावरचा पाला, शेवाळ, पाखरांची घाण सगळं येतं. म्हणून जून-जुलै-ऑगस्टचं पाणी तसंच ओढ्याला सोडायचं, छप्पर धुऊन निघतं. गणपती झाले की टाकी घासायची, चुना मारायचा, आणि सप्टेंबरच्या पावसावर भरायची. ऊन शिरणार नाही असं झाकण, प्रत्येक पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी. प्यायला वेगळं, गाळून-उकळून.

टाकीतनं पाणी काढायला पंप आहे, पण न्हाणीघराच्या बाहेर एक हापसा पण बसवलाय. कल्पना मामांची. मला वाटलं पाहुणे कटकट करतील. उलट पोरं हौसेनं मारतात, आणि मोठी माणसं दोन बादल्या मारल्या की तिसरीचा विचार सोडतात. पाणी वाचवा असली पाटी कुठंच लावावी लागली नाही.

घराबद्दल थोडं. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मधी माजघर, मागं दोन खोल्या आणि गोठा. जांभ्याचा चौथरा, वर मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं. पडायला आलेलं का, तर कुणीतरी मध्यंतरी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारलेला. मातीची भिंत आतनं ओल घेते आणि बाहेर सोडते, सिमेंटनं तिचं नाक दाबलं, ओल आत कोंडली आणि भिंत आतल्या आत भुसभुशीत झाली. तो सगळा गिलावा काढला आणि चुन्याचा केला. छपराच्या पुढं आलेल्या कडा चार फुटांपर्यंत वाढवल्या, त्यानं भिंतीवर मारा कमी झाला. गोठ्याची तिसरी खोली झाली. गुरांना मागं नवीन छप्पर, त्यामुळं मामा आठ दिवस बोलले नाहीत, जुना गोठा त्यांच्या वडिलांनी बांधलेला.

गवताचं छप्पर करा असा बऱ्याच जणांचा आग्रह होता, फोटोला भारी दिसतं. मार्चात सड्यावरनं वणवा उतरताना ज्यानं बघितलाय तो असलं बोलणार नाही. कौलंच ठेवली, वानरं फोडतात म्हणून खाली पत्रा. घराभोवती उन्हाळ्याआधी गवत कापून पट्टा मोकळा करायचा हे मामा आधीपासूनच करतात.

आता वीज. वाडीला लाईट आहे, पण पावसाळ्यात तार पडली की आठवडा-आठवडा नसते, आणि पाहुण्यांसाठी तिच्यावर विसंबायचं नाही असं ठरलेलं. लोकांना वाटतं सोलार म्हणजे छपरावर दिसेल तेवढे पॅनल लावायचे. आधी काय काय चालवायचं नाही ते ठरवायला लागतं. साधा हिशोब बघा, वीस लिटर पाणी १८ डिग्रीवरनं ४२ डिग्रीवर न्यायला अर्ध्या युनिटच्या वर वीज लागते, ०.५६ म्हणा. सहा माणसांच्या आंघोळीला सव्वातीन-साडेतीन युनिट. आणि बाकीचं अख्खं घर, सगळे एलईडी, कमी वीज खाणारे चार बीएलडीसी पंखे, मोबाईल चार्जिंग, छोटा फ्रिज, पंप, सगळं मिळून तीन युनिटच्या आत बसतं. म्हणजे एक गीझर लावला तर सोलार दुप्पट. म्हणून गीझर नाही, दोनशे लिटरचा सोलार वॉटर हीटर, आणि ढगाळ दिवशी जुना तांब्याचा बंब, तोही वठलेल्या फांद्यांवर. पॅनल दीड किलोवॅटचे. किलोवॅटला दिवसाला चार युनिट हा ढोबळ आकडा, पण आजूबाजूची झाडं सावली टाकतात आणि झाडं तोडायची नाहीत, म्हणून अर्धा किलोवॅट जास्त. मिक्सरचा विषय मामींनीच संपवला, ठेचा मिक्सरात केला तर त्या घरात पाऊल ठेवणार नाहीत म्हणाल्या.

ओढ्यावर छोटं टर्बाइन बसवायची माझी फार इच्छा होती, इंजिनिअरची हौस. सेकंदाला पाच लिटर पाणी वीस मीटर उंचीवरनं पाडलं तर निम्मी ताकद वाया गेली तरी पाचशे वॅटच्या आसपास मिळतात, रात्रंदिवस, म्हणजे दिवसाला बारा युनिट. कागदावर सोलारला लाजवेल. पण ओढा असा वाहतो जून ते नोव्हेंबर, घर बंद असतानाच. परत तेच उलटं गणित. सोडून दिलं.

चूक कुठं झाली ते पण लिहितो, माझीच. पहिल्या वर्षी पैसे वाचवायला चार ट्यूबलर, म्हणजे लेड-अॅसिड जातीच्या बॅटऱ्या घेतल्या, दीडशे अॅम्पिअर-तासाच्या. जूनमध्ये घर बंद करताना फांदी पडून काच फुटेल म्हणून पॅनलवर ताडपत्री टाकली आणि मोठ्या समाधानानं कोल्हापूरला आलो. इन्व्हर्टरचं मेन बटण चालूच. नुसता चालू इन्व्हर्टर पंचवीस-तीस वॅट खातो, दिवसाला ०.६ युनिट, चार बॅटऱ्यांत मिळून सात युनिट, म्हणजे बारा दिवसांत सगळं रिकामं आणि पुढचे चार महिने त्या तशाच पडलेल्या. दसऱ्याला जाऊन बघतोय तर चारी मेलेल्या. लेड-अॅसिड बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या प्लेटा कडक होतात, परत उठत नाहीत, हे मला माहीत होतं, तरीही. त्या जुन्या बॅटऱ्या डोक्यावर घेऊन जीपपर्यंत आणताना मामा एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आता लिथियम आहे, बंद करताना निम्मी भरलेली ठेवून मेन काढतो. गाद्या पण पहिल्या वर्षी बुरशीनं गेल्या, आता पत्र्याच्या पेट्यांत जातात आणि पांघरायला घोंगडी.

संडासाचं पाणी हा सगळ्यात नावडता विषय, म्हणूनच बहुतेक ठिकाणी तो शोषखड्ड्यात ढकलून मोकळे होतात. जांभ्यात शोषखड्डा म्हणजे जे वर टाकाल ते खाली झऱ्याला. म्हणून चहूबाजूनं बंद तीन कप्प्यांची टाकी, पुढं आठ चौरस मीटरचा खडीचा वाफा, त्याच्या तळाला पण प्लास्टर, त्यात कर्दळ, आणि शेवटी जे पाणी निघतं ते झऱ्याच्या उलट्या उताराला परड्यातल्या झाडांना. केळी लावा असा सल्ला मिळाला, पाणी पितात म्हणून. केळी लावली की वानरं आणि डुकरं घरात, मग फटाके, मग कुत्री, मग कुत्र्यामागं बिबट्या. नको. उरलंसुरलं अन्न पण उघड्यावर टाकायचं नाही, ते गोबरगॅसला जातं. दोन घनमीटरचा जुना प्लँट होता, दुरुस्त केला, मामांची चार जनावरं त्याला पुरतात. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा सिलेंडर. शंभर टक्के स्वयंपूर्ण वगैरे मी म्हणत नाही.

जेवणाचं मात्र सोपं निघालं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, धनगरवाड्यावरनं दूध-दही, भात वाडीतलाच. तांबडा-पांढरा मागणाऱ्यांना सांगतो, तो खाऊनच निघा कोल्हापुरातनं.

दिव्यांवरनं मित्राशी खरं भांडण झालं. त्याला अंगणात झाडांवर लाईटच्या माळा पाहिजे होत्या, शेकोटी पाहिजे होती, स्पीकर. अंगणाच्या कडेनं गवे जातात, मामा त्यांना बैलासारखं ओळखतात, आणि असलेच गवे मधूनमधून वाट चुकून कोल्हापूर शहरात शिरतात तेव्हा काय गोंधळ होतो सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय. माळ नाही, स्पीकर नाही. बाहेरचे दिवे गुडघ्याच्या खाली, पिवळे, तोंड जमिनीकडं, रात्री साडेनऊला बंद. शेकोटीवर तडजोड झाली, डिसेंबर-जानेवारीत लोखंडी घमेल्यात, फेब्रुवारी लागला की ते घमेलं माळ्यावर.

एक गोष्ट सुटलेली नाही, आणि ती घराच्या बाहेरची आहे. पाहुणा कोल्हापुरातनं गाडी घेऊन येतो, जाऊन-येऊन एकशेसाठ किलोमीटर, दहा-अकरा लिटर पेट्रोल, त्याचा धूर पंचवीस किलो कार्बन डायऑक्साइड. आम्ही तिथं वॅट-वॅट वाचवतोय आणि एका गाडीत ते सगळं फुकट. एकच उपाय जमला, किमान दोन मुक्काम सक्तीचे, आणि एसटीनं येणाऱ्याला फाट्यावरनं मामांच्या जीपनं आणायचं. चादरी अजून मित्राच्या गाडीतनं कोल्हापूरला धुवायला जातात, कारण तिथं धुतल्या तर टाकीचं गणित मोडतं. म्हणजे आम्ही कोल्हापूरचं पाणी वापरतोय, असं म्हणा.

दोन हंगाम झाले. पहिल्या हंगामात महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला मित्राच्या ऑफिसातले चौदा जण आले, सहाच्या घरात. मामांना पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, अंगणात अंथरूणं टाकली. दोन दिवसांत तीन हजार लिटर गेलं आणि दहा मेला टाकीचा तळ दिसला. राहिलेली बुकिंगं रद्द करायला लागली, एकाने शिव्या पण दिल्या फोनवर. त्यानंतर टाकीत एक मेसकाठी उभी केली, तिच्यावर खिळ्यानं पाच रेघा मारल्या, एक रेघ म्हणजे आठ हजार लिटर. मी त्याच्यासाठी मोबाईलवर दिसणारा सेन्सर सुचवला होता, पण तिथं रेंज एकाच कोपऱ्यात येते, आणि काठीला रेंज लागत नाही.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मित्र माझ्याकडं चहाला बसला होता, मे महिन्याची सात बुकिंगं आलेली, खूश होता. मामींचा फोन आला. स्पीकरवर टाकला त्यानं. "दोन रेघांच्या खाली आलंय बघ बाळा. सुट्टीचं तीनच घे, बाकीच्यांना दिवाळीला या म्हणावं." मित्रानं माझ्याकडं बघितलं, मी चहाकडं. मग त्यानं डायरी काढली आणि खालची चार नावं खोडली.